घोडनदीचे भुयार

पत्रांना उत्तर न देणारा माणूस मी नव्हे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. मला पत्रेच येत नव्हती, हे नंतर लक्षात आले. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात हाताने पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले एक खरेखुरे पत्र आले आणि त्याला मी उत्तर दिले नाही, तेव्हा माझ्या स्वभावाची ही बाजू मला सत्त्याहत्तराव्या वर्षी प्रथमच कळली.

पत्र पुण्याहून आले होते. लिहिणारी महेजबीन अत्तार. ती आर्किटेक्ट आहे, आणि पेठेच्या पोटात होत असलेल्या एका भुयारी मेट्रो स्टेशनच्या आतल्या भिंतींचे काम तिच्याकडे आहे. पत्र मला आता जवळजवळ पाठ आहे.

"आदरणीय मास्तर," तिने लिहिले होते, "दादा म्हणाले, मास्तर फोन उचलत नाहीत, पत्र लिही. म्हणून लिहिते आहे. मी बाबुलाल अत्तारांची नात. तुमचं 'घोडनदी : काही टिपणे' हे पुस्तक दादांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापलं होतं. ते आमच्याकडे काचेच्या कपाटात असतं.

"आमचं स्टेशन होतंय तिथे पूर्वी शहराचा भुसार बाजार होता. बाजार गावाबाहेर गेला, मग तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि आता तिथेच जमिनीखाली तीन मजले उतरून गाडी धावणार आहे. बांधायची रीत तुम्हाला आवडेल. आधी चारी बाजूंच्या भिंती जमिनीत उतरवतात, मग त्यांवर छत घालून वरचा रस्ता मोकळा करतात, आणि मग छताखालची माती काढत काढत खाली जातात. पहिल्या मजल्यावर तिकिटं. तिथले खांब आम्ही धान्याच्या थप्पीसारखे केलेत, पोत्यावर पोतं. त्या भिंतीसाठी भुसार बाजाराबद्दल एखादं चांगलं वाक्य हवं होतं, ते अजून मिळालेलं नाही. तुमच्या वाचनात असल्यास कळवावं. सगळ्यात खाली फलाट. फलाटासमोर काळ्या दगडात जिल्ह्यातल्या जुन्या भुयारांची माहिती कोरायची आहे, आणि तिथलं मुख्य वाक्य तुमचं आहे : 'पूर्वी दौंडहून घोडनदीपर्यंत भुयार जात असे. रोज चाळीस गाड्या लागत.' मास्तर, रोज चाळीस गाड्या! ही तर मेट्रोच झाली.

"दादांच्या प्रतीत यापुढचा भाग उंदरांनी खाल्ला आहे. आमचे साहेब विचारतात, या वाक्याला आधार काय? तुम्ही दोन ओळी लिहून खाली सही केलीत तर पुरे. संक्रांतीनंतर दगड कोरायला जाईल. उत्तर आलं नाही तर बरोबर आहे असं समजून आम्ही पुढे जाऊ. हे माझं पहिलंच काम आहे. कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची नाही, म्हणून विचारते."

बांधायची रीत मला खरोखर आवडली. आधी भिंती, मग छत, मग खोदकाम. माझे पुस्तक मी नेमके उलटे लिहिले होते. आधी खड्डा केला, आणि भिंती घालायच्या राहून गेल्या.

पुस्तक म्हणजे अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका. शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणतात. तिथल्या वाचनालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. मी कोणाला कधी काही शिकवले नाही, पण चष्मा आणि गप्प बसण्याची सवय यांमुळे सगळे मला मास्तर म्हणत आले. एक्क्याण्णव साली, फार भीत भीत, मी गावाविषयीची माझी टिपणे छापून घेतली. चौदाव्या पानावर लोहमार्ग आल्यानंतरच्या व्यापाराचा एक परिच्छेद आहे. तो छापला गेला असा :

'पूर्वी दौंडहून घोडनदीपर्यंत भुयार जात असे. रोज चाळीस गाड्या लागत. पावसाळ्यात भिजू नये म्हणून वरून ताडपत्री घालीत. उंदरांचा उपद्रव फार. न्हावऱ्यास मुक्काम होई. घोडनदीस पोचल्यावर ते चाळून, निवडून पेठेत विकले जाई.'

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मला 'भुसार' म्हणायचे होते. धान्य. दौंडला रेल्वेने उतरलेले धान्य बैलगाड्यांनी आमच्या पेठेत येई, एवढीच साधी गोष्ट. एका अक्षराने घात केला.

पण वाचकांच्या लक्षात आले असेल असे मी आत्ता म्हणतो, तेव्हा मी आधीचा अनुभव विसरतो. तीस-पस्तीस वर्षांत एकाही माणसाने मला विचारले नाही, की मास्तर, भुयार चाळतात कसे? निवडतात कसे? त्यातले खडे कोण काढी? सगळे पहिल्या दोन वाक्यांवर थांबले. माझ्या लेखनाच्या पकडीविषयी याहून अधिक काही सांगायची गरज नाही.

त्या दोन वाक्यांनी मात्र गाव पेटले. वर्षभरात भुयाराचे तोंड तीन ठिकाणी सापडले. कोणी म्हणे त्यातून घोडेस्वार जाई, कोणी म्हणे हत्ती. कवठे येमाईच्या एका गृहस्थांनी मला शपथेवर सांगितले, की त्यांच्या चुलत्यांनी आत सोडलेली शेळी आठ दिवसांनी पाटसला निघाली, आणि ती गाभण होती. आणि आमच्या गावचे पुढारी पोपटराव यांनी हायवेला हॉटेल काढले. 'हॉटेल भुयार, फॅमिली गार्डन.' आत शिरताना सिमेंटचा बारा फुटी बोगदा, भिंतीवर मशालीसारखे बल्ब, आणि बोगद्याच्या तोंडाशी संगमरवरावर माझी दोन वाक्ये, खाली माझे नाव.

चूक झाली हे मला पुस्तक हातात आले त्याच दिवशी दिसले होते. मग मी बोललो का नाही? कारण बोलायचे म्हणजे बाबुलालभाईंची चूक दाखवायची. खिळे त्यांनी जुळवले होते. माझ्यासारख्या नवख्याचे पुस्तक त्यांनी कारखान्याची, लग्नाची, निवडणुकीची कामे बाजूला ठेवून केले होते. अशा माणसाला, तुम्ही य आणि स मध्ये गफलत केलीत, असे कोणत्या तोंडाने सांगणार? मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकले. आणि माफ केल्यावर त्यांच्यासमोर जायचा संकोच वाटू लागला, म्हणून छापखान्यात जाणेच बंद केले. पुढे छापखाना मिटला आणि बाबुलालभाई रेल्वेत नोकरीला असलेल्या मुलाकडे, फिरोजकडे, दौंडला गेले. एवढ्या वर्षांत आमची भेट नाही.

आता त्यांची नात विचारत होती. खरे सांगावे तर तिच्या पहिल्याच कामात तिच्या आजोबांची चूक तिच्या साहेबांपुढे लेखी मांडायची, तीही माझ्या सहीने. गप्प बसावे तर एक भुयार, जे नव्हतेच, ते दगडात कोरले जाणार आणि रोज हजारो माणसे गाडीची वाट पाहत ते वाचणार. त्यांतला एखादा तरी शहाणा निघेल, हसेल, आणि हसे त्या मुलीचे होईल.

मी उत्तराचे नऊ कच्चे खर्डे केले. पहिल्यात 'आपले पत्र मिळाले' याच्या पुढे गेलो नाही. चौथ्यात फार पुढे गेलो.

"अहो, त्या पोरीला काहीतरी उत्तर टाका," सुलक्षणा म्हणाली. सुलक्षणा माझी पत्नी. तिला माझे अक्षर आवडते, बाकी लेखनाविषयी ती बोलत नाही. "तुमचं लिहून होईपर्यंत ते स्टेशन जुनं होईल. मग त्याच्यावरच टिपणं काढाल."

"शब्द जुळत नाहीयेत."

"जुळवणारा दौंडला जाऊन बसलाय. जुळतील कसे?"

ती हे सहज बोलली, पण मला ते बरेच दिवस टोचत राहिले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोपटराव आले. पांढरी टोपी, पांढरी गाडी, हातात हुरड्याची पिशवी. बाहेरूनच ओरडले, "मास्तर! मेट्रोत आपलं भुयार लागतंय म्हनं!"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वहिनींनी भजनात सांगितलं, आमच्या मंडळींनी घरी सांगितलं. निम्मं शिरूर पेढे मागतंय." ते ऐसपैस बसले. "आता एकच काम करा. त्या पोरीला कळवा, दगडावर खाली बारीक अक्षरात टाकायचं : हेच भुयार बघन्यासाठी या, हॉटेल भुयार, शिरूर बायपास."

मी आयुष्यात फार थोड्या वेळा धीर केला आहे. त्यांतला हा एक. "पोपटराव," मी म्हणालो, "ते भुयार नाही."

"म्हंजी?"

"ते भुसार आहे. छापताना चूक झाली."

पोपटराव हुरडा चोळायचे थांबले. "कवा?"

"एक्क्याण्णव साली."

"आन् तुमी आत्ता सांगताय? मी बोगदा बांधला तवा कुठं व्हता?"

"उद्घाटनाला होतो. पहिल्या रांगेत."

"पहिल्या रांगेत? आवो, नारळ तुमीच फोडला की!"

ते खरे होते. मला तेव्हा नाही म्हणता आले नव्हते. नारळही दोनदा आपटावा लागला होता.

पोपटराव पुन्हा हुरडा चोळू लागले. रागावलेले नव्हते, विचारात होते. आजूबाजूच्या चार गावांची राजकारणे त्यांनी निस्तरली आहेत. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, भुयार न्हाई हे तुमाला कशावरनं कळलं?"

"मीच लिहिलं ना ते."

"तुमी लिवलं म्हनून न्हाई, व्हय? आन् कोनी बघितलं न्हाई म्हनून न्हाई? आवो, दिसत न्हाई म्हनूनच त्ये भुयार. दिसलं असतं तर आमी त्याला बोगदा म्हनलो असतो."

 आतून सुलक्षणेचे हसणे ऐकू आले.

"असलं तर असू द्या, नसलं तर नसू द्या," जाता जाता ते म्हणाले. "पन लिवू नका. तुमाला काय, न लिवायची सवयच हाय. तेवढी आठ दिस संबाळा."

माझ्या स्वभावाचे इतके अचूक वर्णन कोणी केले नव्हते. नुसते बसून राहायचे. बाकी सगळे माझा भित्रेपणाच करणार होता. त्या विचाराने मला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नववा खर्डा, कोरे कागद आणि पुस्तिकेची एक प्रत पिशवीत घातली आणि सुलक्षणेला म्हणालो, "दौंडला जाऊन येतो."

"भुयारातून जाणार, की एसटीनं?" ती म्हणाली, आणि डबा दिला.

एसटी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला जाते. वाटेत पारगावला भीमेचा पूल लागला. मी खिडकीतून खाली पाहिले. आपण किती मोठे काम केले आहे याची मला तिथे प्रथमच जाणीव झाली. दौंड ते घोडनदी भुयार म्हणजे या एवढ्या नदीच्या तळाखालून, तेही बैलगाड्यांसाठी, दिव्याशिवाय. पाटसच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता आणि आम्ही पाऊण तास जागेवर उभे होतो. तेव्हा मात्र ते असते तर बरे झाले असते, असे वाटून गेले.

वाटेत मी वाक्ये तयार करत होतो. 'बाबुलालभाई, तुमची यात काहीच चूक नाही' असे सुरू करून, चूक त्यांचीच होती इथपर्यंत हळूच यायचे होते. दोन तासांत ते वाक्य मला जमले नाही.

फिरोजचे घर स्टेशनपासून जवळ होते. दार त्याच्या पत्नीने, गुलशनने उघडले. मी नाव सांगताच ती आत वळून मोठ्याने म्हणाली, "दादा, आले बरं का! तुमी म्हनत व्हता ते आले!"

बाबुलालभाई पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. वय ब्याऐंशी. केस पूर्ण पांढरे, पण बोटांची टोके अजून काळसर. शिशाचा रंग निघत नसावा. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले.

"या मास्तर. लई उशीर केला."

"एसटी पाटसला अडकली होती."

"मी एसटीचं न्हाई म्हनत."

मी समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसलो. गुलशनने चहा आणला. मी चहाची स्तुती केली, हवेची केली, फिरोजच्या नोकरीची केली. मग स्तुती करण्यासारखे खोलीत काही उरले नाही.

"बाबुलालभाई," मी म्हणालो, "महेजबीनचं पत्र आलं होतं. दोन महिने झाले. मी उत्तर दिलं नाही."

"ठावं हाय. दर रैवारी फोन करती. मी म्हनतो, थांब, मास्तर हाय, घाई करू नको."

"ते चौदाव्या पानावरचं वाक्य..." मी कप खाली ठेवला. "त्यात तुमची काहीच चूक नाही. म्हणजे, थोडी... म्हणजे मी ते केव्हाच माफ... म्हणजे मनावर घेतलं नाही."

बाबुलालभाई कप ओठाशी नेत होते, तो तसाच थांबला. "तुमी," ते सावकाश म्हणाले, "मला माफ केलं?"

"मनातल्या मनात."

"कवा?"

"एक्क्याण्णव साली."

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले खोकला. पण ते हसत होते, आणि हसता हसता त्यांनी कप गुलशनच्या हातात दिला. "सूनबाई, ती पत्र्याची पेटी काढ गं पलंगाखालची. मास्तर मला माफ कराया शिरूरवरनं आलेत. येवडा येळ गाडीत बसून!"

पेटीत खिळ्यांची एक छोटी डबी होती, एक भिंग होते, आणि सुतळीने बांधलेले कागद होते. कागद त्यांनी स्वतः सोडले. "मालक प्रुफं रद्दीत घालायचे. मी ठेवायचो. छापून झाल्यावर सगळे कंपोझिटरवरच येत्यात. आपला कागद आपल्यापाशी असलेला बरा." एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. "वाचा. मोठ्यानं वाचा, मला आता दिसत न्हाई."

ते माझ्या पुस्तिकेचे कच्चे प्रूफ होते. नववे पान. ओढ्याकाठच्या देवळाविषयी लिहिलेले. त्यात छापले होते, 'देवळाखाली एक जुने भुसार आहे.'

"ही माझी चूक," बाबुलालभाई म्हणाले. "तवा हंगाम व्हता. दिवसभर अडत्यांची हँडबिलं जुळवत व्हतो. भुसार मालाचे व्यापारी, भुसार मालाचे व्यापारी. हाताला वळण पडलं. तुमच्या भुयाराचं भुसार झालं. फुडं?"

पुढे समासात लाल शाईने माझे अक्षर होते. ते अक्षर सुलक्षणेला आवडते. मी वाचले, "'भुसार नव्हे, भुयार! सर्वत्र दुरुस्त करावे.'"

"सर्वत्र," बाबुलालभाई म्हणाले. "आता चौदावं पान काढा."

मी चौदावे पान काढले. त्यात स्पष्ट, स्वच्छ छापले होते : 'पूर्वी दौंडहून घोडनदीपर्यंत भुसार जात असे.' त्यांनी ते बरोबर जुळवले होते. आणि कडेला पेन्सिलने, फिकट झालेल्या पण वाचता येणाऱ्या अक्षरात, त्यांनी मला विचारले होते : 'मास्तर, येथेही बदलायचे? हे धान्य वाटते.'

त्याखाली पुन्हा लाल शाई होती.

"वाचा की," ते म्हणाले.

मला वाचवेना. शेवटी गुलशनने खांद्यावरून वाकून वाचले, "'सर्वत्र म्हणजे सर्वत्र.' खाली दोन रेघा हायेत, दादा."

"मला आठवत्यात त्या रेघा. एक रेघ कागदातनं आरपार गेली व्हती."

मी जन्मात कोणाशी चढ्या आवाजात बोललो नाही. रिक्षावाल्याशी नाही, वाचनालयाची पुस्तके परत न करणाऱ्यांशी नाही. आयुष्यात एकदा, एका दुपारी, मी लेखक झालो होतो आणि मी रुबाब केला होता. तो एका कंपोझिटरवर केला, आणि तो माणूस बरोबर होता.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी म्हणालो. "पुस्तक आल्यावर?"

"तुमी छापखान्यात येनं सोडलं. मी समजलो, मास्तरांना कळली चूक, लाजत्यात. आपन कशाला बोलून आनखी लाजवायचं? मग मीच तुमाला माफ केलं." ते पुन्हा हसले. "मनातल्या मनात."

"पण महेजबीनला? तिला तरी सांगायचं. तिचं पहिलं काम आहे."

आता ते हसत नव्हते. "मास्तर, बेचाळीस वर्सं खिळं जुळवलं. लेखकाला इचारल्याबिगर एक अक्षर बदललं न्हाई. पोरीनं मला इचारलं, दादा, हे खरं हाय का? मी म्हनलो, लेखक जिता हाय, त्याला इचार. आता लेखकानं सांगायचं. पंधरा तारखेला दगड जानार. मी रोज तारीख मोजतो."

तेव्हा मला कळले की ते दोन महिने माझ्या एकट्याचेच वाईट गेले नव्हते.

मी पिशवीतून नववा खर्डा काढला, उलटा ठेवला, आणि कोरा कागद घेतला. गुलशन म्हणाली, "मामा, फोटू काढून व्हॉट्सॲप करू का तिला? आत्ता जाईल."

"न्हाई," बाबुलालभाई म्हणाले. "तिच्या सायबाला सहीचा कागद पायजे. आन् पत्राला पत्रच जातं. लिवा मास्तर."

मी लिहिले. आश्चर्य म्हणजे शब्द आपोआप येत गेले. समोर एक कंपोझिटर बसला होता म्हणून असेल. मी लिहिले की भुयार नव्हते. चूक माझी आहे, आणि ती लाल शाईने, दोन रेघा मारून केलेली आहे. तुझ्या आजोबांनी मला वेळेवर विचारले होते, आणि त्याचा पुरावा म्हणून चौदाव्या पानाच्या प्रुफाची झेरॉक्स सोबत जोडत आहे. मूळ कागद ते देत नाहीत.

इथे मी थांबलो. खाली फलाटावरच्या भिंतीचे काय? तिचे मुख्य वाक्यच मी काढून घेत होतो. मी तिचे पत्र पुन्हा उघडले. धान्याच्या थप्पीसारखे खांब. पोत्यावर पोते. 'भुसार बाजाराबद्दल एखादं चांगलं वाक्य हवं होतं, ते अजून मिळालेलं नाही.' ही ओळ मी पन्नास वेळा वाचली होती, आणि माझ्या वाचकांप्रमाणेच तिच्यावरून पुढे गेलो होतो.

"बाबुलालभाई," मी म्हणालो, "वाक्य खोडायला नको. दोन मजले वर न्यायला हवं."

"म्हंजी?"

मी समजावून सांगितले. तिकिटांच्या मजल्यावर, धान्याच्या खांबांमध्ये, तेच वाक्य, एक अक्षर बदलून. दौंडहून घोडनदीपर्यंत भुसार जात असे. रोज चाळीस गाड्या लागत. ताडपत्रीसकट, उंदरांसकट, चाळण्या-निवडण्यासकट, पूर्ण परिच्छेद. खालच्या भुयारांच्या भिंतीवर देवळाखालचे भुयार घालता येईल. ते लहान आहे, पण आहे. मी स्वतः त्यात डोके घालून पाहिले आहे.

 "उंदरांसकट," बाबुलालभाई समाधानाने म्हणाले. "लिवा."

लिहून झाल्यावर मी पत्र पाकिटात घालू लागलो, तर त्यांनी हात पुढे केला. "प्रूफ कोन बघनार?"

"तुम्हाला दिसत नाही ना?"

"भिंगानं एक एक अक्षर दिसतं. आमचं वाचनं तसंच असतंय."

त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेले आणि भिंग ओळीवरून सरकवायला सुरुवात केली. चांगला अर्धा तास गेला. गुलशनने पुन्हा चहा केला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर भिंग थांबले.

"मास्तर, ह्ये काय लिवलंय?"

मी वाकून पाहिले. 'तरी या वाक्यात भुयार असे वाचावे,' असे मी लिहिले होते. माझ्या हाताने, शुद्धीत, दुपारच्या उजेडात.

 मी पेन काढले, ते अक्षर खोडले, वर स काढला. बाबुलालभाईंनी भिंग तसेच धरून ठेवले होते. अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारले, "सर्वत्र का?"

"नाही भाई," मी म्हणालो. "फक्त इथंच."

झेरॉक्स काढून आम्ही दोघे स्टेशनाबाहेरच्या लाल पेटीकडे निघालो. त्यांनी माझा दंड धरला होता. वाटेत मी पोपटरावांची गोष्ट सांगितली, नारळासकट. नाव बदलायचे म्हटले तर ते मला गावात राहू देणार नाहीत, असे म्हणालो.

"त्यात काय येवडं?" बाबुलालभाई म्हणाले. "एकच अक्षर बदलायचंय. हॉटेल भुसार. भाकरी-पिठलं ठेवा म्हनावं. बोगदा ऱ्हाऊ द्या, पोती ठेवायला व्हईल."

पेटीपाशी आल्यावर मी पाकीट हातात धरून उभा राहिलो. पत्ता बरोबर आहे ना? तिकीट पुरेल ना? 'कळावे' लिहिले, की राहिले? एकदा उघडून पाहावे असे फार वाटले, आणि बहुधा माझा हात परत पिशवीकडे वळलाही असावा.

"मास्तर," बाबुलालभाई म्हणाले, "प्रूफ पास झालंय. सोडा आता."

मी सोडले. पाकीट पेटीच्या तळाला लागल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.